तळ्यापलीकडची दारं

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण ही गोष्ट सांगायची तर ते घेतल्यावाचून चालणार नाही, आणि मला ते घ्यायला आवडतं, म्हणून सुरुवातीलाच घेऊन टाकते. सहदेव. खोपोलीच्या बाजारात त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत पडदा, खुर्ची आणि कॅमेरा. मागच्या खोलीत आमचा संसार. आणि दोन्हींच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत काचेच्या प्लेटा धुवायचं काम माझं. धुवायचं म्हणजे भांडी धुतात तसं नव्हे. फोटो प्लेटवर उमटतो तो त्या औषधाच्या पाण्यातच, आणि किती उमटू द्यायचा ते माझे डोळे ठरवत. हे आधीच सांगून ठेवते, कारण गिऱ्हाइकं मला नुसतं ‘फोटोवाल्याची बायको’ म्हणत आणि मला त्याचा राग येई.

लग्नाचे, बारशाचे, नव्या सुनांचे फोटो काढून आमचं बरं चाललं होतं. पण सहदेवांच्या डोक्यात एक खूळ शिरलेलं होतं. त्यांना खोपोलीचा रात्रीचा फोटो काढायचा होता. त्या काळची खोपोली ज्यांनी पाहिली त्यांना हे खूळ कळेल. डोंगराच्या अंगावरून खाली उतरलेले पाण्याचे मोठाले नळ, पायथ्याशी पॉवरहाऊस, आणि तिथून निघून मुंबईकडे गेलेल्या तारा. मुंबईचे रस्ते आमच्या पाण्यावर उजळतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा तोऱ्यात सांगायचं. खुद्द आमच्या आळीत विजेचे दिवे मोजकेच, बाकी घरोघर चिमण्या नि कंदील. तरी संध्याकाळ उलटल्यावर तळ्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन उभं राहिलं, की आमच्या आळीची मागची दारं, पायऱ्या, वरचा डोंगर, सगळं पाण्यात उतरलेलं दिसायचं.

पहिल्या वर्षी सहदेवांनी काढलेला फोटो मुंबईच्या एका प्रदर्शनात नेऊन दिला. तिथल्या टेबलाशी बसलेल्या चष्मेवाल्या गृहस्थांनी तो हातात धरला, उलटा केला, परत सुलटा केला आणि म्हणाले, “हे गाव आहे होय? मला वाटलं काळ्या कापडाला भोकं पडलीत.”

सहदेवांनी हे घरी येऊन हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. “आमच्या विजेखाली बसून आम्हालाच भोकं म्हणतो का तो?” मी म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली त्या रागात.

“अगं, तो खोटं बोलला नाही,” सहदेव म्हणाले. “दिवे आलेत, गाव आलंच नाही.”

दुसऱ्या वर्षी ते टेकाडावर चढून गेले, म्हणजे जास्त दिवे दिसतील. दिसलेही. फोटो तसाच परत आला, या वेळी काही न बोलता. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर एके दिवशी ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “यंदाही परत आला तर दुकान आवरू या. गिरगावातले माझे जुने मालक बोलावताहेत, त्यांच्याकडे नोकरी धरीन. स्वतःच्या गावाचा एक फोटो धड काढता येत नसेल, तर इथे पाटी लावून बसायला तोंड कुठलं?”

ते रागाने बोलले असते तर मी भांडले असते. पण ते शांतपणे बोलले आणि ताटातला भात संपवून उठले, म्हणजे त्यांचं ठरलंच होतं. मला गिरगाव नको होतं. मला माझी अंधारी खोली हवी होती आणि तळ्यात पाय सोडून बसायला मागच्या दाराच्या पायऱ्या हव्या होत्या. म्हणून मी ठरवलं, की यंदा फोटो एकट्या सहदेवांनी काढायचा नाही, दोघांनी काढायचा.

रोज संध्याकाळी आम्ही कॅमेरा घेऊन तळ्याच्या पलीकडच्या काठावर जायचो. प्लेट घालायचीच नाही, नुसतं काळ्या फडक्याखाली डोकं घालून पाहायचं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर चित्र उलटं दिसतं. घरं वर टांगलेली, आभाळ खाली. पहिल्या दिवशी मला गरगरलं. मग कळलं की उलटं दिसतं तेच बरं. सुलट्या गावात मला हे दूधवाल्या जयवंताचं घर, हे बत्तीवाल्या मालोजींचं, असं दिसायचं. उलट्या गावात घरं ओळखू येत नसत. कुठे गर्दी झाली आहे आणि कुठे नुसतंच रिकामं पडलं आहे एवढंच कळायचं.

हळूहळू चित्र जमत गेलं. टेकाड सोडून सहदेव खाली पाण्यालगत आले, तेव्हा तळ्यात पडलेल्या गावाला जागा मिळाली. कॅमेरा कण्हेरीच्या झुडपापाशी सरकवला, तेव्हा डोंगरावरचे नळ उजव्या अंगाला तिरके उतरताना दिसायला लागले. फोटो एकाच प्लेटवर दोनदा घ्यायचा, असंही त्यांनी ठरवलं. उजेड सरता सरता एकदा थोडकाच, म्हणजे डोंगर नि नळ येतील. मग झाकण लावून, कॅमेऱ्याला बोटही न लावता थांबायचं, आणि काळोख पडल्यावर पुन्हा झाकण काढून बराच वेळ ठेवायचं, म्हणजे दिवे येतील. एवढं सगळं करूनही दोन गोष्टी त्यांना डाचत होत्या. दिवे अजून भोकंच दिसत होते. आणि खालचा डावा कोपरा मोकळा पडत होता.

“नजर आत शिरायला वाट पाहिजे,” ते म्हणत. “या कोपऱ्यातून ती शिरली, की दारांवरून सरकत नळांपर्यंत जाईल. इथे काहीच नाही, म्हणून ती बाहेरच उभी राहते.”

त्या कोपऱ्यात ओळीतलं शेवटचं घर होतं, आमचंच. आमच्या मागच्या दारात मी एक चिमणी ठेवत असे, तीही वाऱ्याने अर्धा वेळ विझलेली.

आता मालोजींचं सांगितलं पाहिजे. ओळीच्या बरोबर मधोमध त्यांचं घर. लग्नाकार्याला गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा होता. खालापूर-कर्जतकडच्या वराती त्यांच्या बत्त्यांमागून चालायच्या आणि उजेड जितका जास्त तितकी घराची इज्जत मोठी, असं त्यांचं साधं गणित होतं. आमचा फोटो मुंबईला जाणार हे त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा आम्हाला न विचारता त्यांनी आळीभर सांगितलं, “खोपोलीचा फोटू मुंबईला चाललाय. अंधारात बसाल तर नाक कापलं जाईल आपलं.”

ठरल्या संध्याकाळी आम्ही प्लेट घालून पहिला भाग घेतला, झाकण लावलं, काळोख पडायची वाट पाहिली. सहदेवांनी झाकण काढलं मात्र, आणि पलीकडे दारादारांतून मालोजींच्या गॅसबत्त्या बाहेर आल्या. पांढऱ्याफेक. पाठोपाठ माणसं आली, ठेवणीतली लुगडी नेसून, टोप्या घालून. मधोमध मालोजी, डोक्याला लाल फेटा आणि हातात सगळ्यांत मोठी बत्ती. ते एकाला इकडे सरकव, दुसऱ्याला तिकडे उभं कर, असे सारखे नाचत होते. मी या काठावरून जिवाच्या आकांताने ओरडले, “आत न्या! आत न्या त्या!” त्यांना वाटलं मी शाबासकी देते आहे. सगळ्यांनी हात हलवले.

प्लेट धुतली तेव्हा गाव जळत असल्यासारखं दिसलं. उजेडाचा एकच लोळ, आणि माणूस एकही नाही.

सकाळीच मालोजी हजर. “कुठाय मी?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“तुम्ही नाही त्यात,” सहदेवांनी समजावून सांगितलं. “काळोखात प्लेट फार वेळ उघडी ठेवावी लागते. जो हलला तो येतच नाही. आणि हलता दिवा आला, तर नुसती रेघ ओढून जातो.”

“आसं कसं? मधी तर उभा हुतो मी!”

“उभे कुठे होतात? नाचत होतात!” मी आतून बाहेर आले. “तुमच्या बत्त्यांनी वाटोळं केलं आमच्या फोटोचं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

मालोजींचा चेहरा उतरला. ते माझ्याहून वयाने मोठे, आणि माझ्याशी कधी वर आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशीही नाही बोलले. “वयनी, ह्या तालुक्यातली निम्मी लग्नं माज्या बत्तीखाली लागली,” एवढंच म्हणाले. “आता माजी बत्ती दारात येणार नाय. तुमचा फोटू तुमी काढा.” आणि गेले.

प्रदर्शनाची तारीख तोंडावर आली होती आणि रात्री चालेल अशी प्लेट एकच उरली होती. मी ती वाया गेलेली काच घेऊन अंधाऱ्या खोलीच्या दाराशी बसले, नुसती रडत. मग तीच काच उजेडासमोर धरली, उलटी केली, आणि माझं रडणं थांबलं.

काचेच्या एका कडेला जयवंताचं घर होतं. जयवंता म्हणजे आमच्या आळीतली दुधाचा रतीब घालणारी बाई. तिच्या म्हशी गॅसबत्तीच्या फुसफुसण्याला बुजतात म्हणून तिने बत्ती दारात लावू दिली नव्हती. वारा लागू नये म्हणून आपली चिमणीही दाराआडच्या कोनाड्यात ठेवली होती. आणि त्या सगळ्या लोळात तेवढंच घर स्वच्छ आलं होतं. दाराची चौकट, उंबरा, तळ्यात उतरलेल्या पायऱ्या, पायरीवरची घागर, पाण्यातलं त्यांचं प्रतिबिंब. दिवा कुठेच दिसत नव्हता आणि त्याच्यामुळे बाकीचं सगळं दिसत होतं.

मी सहदेवांना हाक मारली. त्यांनी काच पाहिली, खिडकीशी नेली, परत पाहिली. मग माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नातसुद्धा कधी तसं पाहिलं नसेल. “सुंदरा,” ते म्हणाले, “सगळ्यांचे दिवे दाराआड गेले पाहिजेत.”

म्हणायला सोपं होतं. तिन्हीसांजेला दिवा दारात हवा, ही आमच्याकडची रीत. त्या वेळी लक्ष्मी येते, तिला दार दिसलं पाहिजे. मी घरोघर गेले, आणि जिथे गेले तिथे बायकांनी हेच तोंडावर फेकलं.

“दिवा लपवायचा म्हंजी? तिन्हीसांजंला? भलतंच काय सांगतेस गं!”

“लपवायचा नाही. दाराआड ठेवायचा आणि दार सताड उघडं टाकायचं. लक्ष्मी काय आंधळी आहे? दारातून उजेड सांडलेला तिला दिसत नाही?”

“आन् वाऱ्यानं इझला तर?”

“इझतो तो भायेरचाच,” जयवंता माझ्या मागून बोलली. ती रतीब टाकून माझ्याबरोबर निघाली होती. “माजा कोनाड्यातला कधी इझला सांग? उलट माज्याकडं लक्ष्मी जास्त येळ बसतीय.”

तिच्या म्हशी गावात सगळ्यांत जास्त दूध द्यायच्या, त्यामुळे या बोलण्याला वजन आलं. एकेक दार कबूल होत गेलं. मालोजींच्या दारात जायची मात्र माझी हिंमत झाली नाही. जयवंताकडून निरोप पाठवला. ती परत येऊन म्हणाली, “म्हनत्यात, माजा दिवा देवापाशी हाय, तिथंच ऱ्हाईल. फुगलेत अजून.”

फोटोच्या दिवशी मी दुपारपासून आळीत फिरत होते. हिच्या कोनाड्यातली चिमणी जरा मागे सरकव, तिच्या दारातली सुपं उचलून ठेव, पायऱ्यांवर वाळत घातलेलं धुणं काढ. उजेड सरायला लागला तशी धावत तळ्याला वळसा घालून कण्हेरीपाशी पोचले. सहदेवांनी पहिला भाग घेतला. डोंगर निळाकाळा होत गेला, नळ आभाळापेक्षा उजळ दिसत होते. झाकण लावून आम्ही काठावर बसलो. पाणी काचेसारखं थांबलं होतं.

काळोख पडला. सहदेवांनी झाकण काढलं.

समोर दारं उघडली होती. दिवा एकही नाही, नुसती दारं, आणि प्रत्येक दारातून पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत उतरलेला पिवळा उजेड. माझ्या गावाला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग माझी नजर ओळीवरून डावीकडे सरकत गेली. मधोमध मालोजींचं दार काळं होतं, ते अपेक्षितच होतं. पण त्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात, आणखी एक दार काळं होतं.

आमचं.

दुपारपासून मी गावाचे दिवे लावत फिरत होते आणि माझ्या घराला नुसती कडी घालून आले होते.

“कोपरा गेला,” सहदेव पुटपुटले.

“मी जाते, पळत जाते.”

“वळसा घालून पोचेपर्यंत वेळ निघून जाईल. आणि हातात दिवा घेऊन तू ओळीतून गेलीस, तर रेघ येईल.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “असू दे.”

असू दे कसं? मला लाज वाटली, अशी की जमिनीत शिरावं. आळीला रीत शिकवून आले आणि तिन्हीसांज टळून गेली तरी माझंच दार काळं. वर गिरगावला जायची पाळी. मी तोंडाला पदर लावून बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. सहदेवांनी माझा दंड धरला. मी वर पाहिलं. डाव्या कोपऱ्यात आमच्या दारात काहीतरी पिवळसर लुकलुकलं, मग पांढरं झालं, मग वाढत वाढत चौकट भरली, उंबरा आला, आमच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात उतरल्या. दिवा दिसत नव्हता. दारासमोरून कुणी गेलेलंही आम्ही पाहिलं नव्हतं. पण तसा पांढरा उजेड साऱ्या आळीत एकाच माणसाच्या बत्तीचा होता, आणि तो न थरथरता तिथे राहिला, सहदेवांनी झाकण लावेपर्यंत.

घरी परतलो तेव्हा बत्ती आमच्या दाराआड होती, शांत केलेली, काच अजून गरम. माणूस नव्हता. सकाळी सहदेव ती परत द्यायला गेले. मालोजींनी ती घेतली आणि “हं” म्हणाले. मी चुलीशी बसून राहिले. माझ्या जिभेला एरवी हाड नसतं, पण त्या दिवशी ती उचलली नाही.

ती प्लेट मी धुतली. ती कशी आली ते मी सांगत बसत नाही. तिच्यात एक रेघ इकडची तिकडे करावी असं मला वाटलं नाही, आणि एरवी मला तसं वाटल्यावाचून राहत नाही, एवढंच सांगते.

सहदेव मुंबईला गेले. टेबलाशी तेच चष्मेवाले गृहस्थ. या वेळी त्यांनी फोटो उलटा केला नाही. त्यांचं बोट आपसूक खालच्या डाव्या कोपऱ्यावर गेलं, आमच्या दारावर, तिथून दारादारांवरून सरकलं, मधल्या काळ्या दारापाशी जरा थांबलं आणि नळांवरून डोंगरावर चढलं.

“हे गाव कुठलं?” त्यांनी विचारलं.

सहदेवांनी त्यांच्या डोक्यावरच्या विजेच्या दिव्याकडे बोट दाखवलं. “हा दिवा जिथून लागतो ना साहेब, ते.”

फोटो प्रदर्शनात लागला, मधल्या भिंतीवर. नुसता लागला नाही, बिल्लाही मिळाला. सहदेव तो बिल्ला खिशात टाकून आले. आत येऊन तो माझ्या तळहातावर ठेवला. “तुझा,” म्हणाले. मी “आपला” म्हटलं, पण त्यांचा शब्द ऐकायला मला फार गोड लागला, हे लपवत नाही.

गिरगावाला आम्ही गेलो नाही. फोटोची मोठी प्रत पुढच्या खोलीत टांगली आणि सगळी आळी लोटली. हे माझं दार, ही माझी घागर, ही बघा म्हशीची दावण! जयवंता तर येईल त्याला आपला कोनाडा दाखवत होती, जरी कोनाडा काही दिसत नव्हता. सगळ्यांत शेवटी मालोजी आले, दाराशीच उभे राहिले. कुणीतरी चेष्टा केली, “मालोजी, साऱ्या आळीत तुमचंच दार काळं की हो! बत्तीवाल्याचं!”

सगळे हसले. मला ते सहन झालं नाही. मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर विचारलं, “आमच्या दारात बत्ती कुणी लावली ते सांगा की यांना.”

मालोजी अवघडले. “दार काळं दिसलं वयनी. तिन्हीसांज टळलेली. आता रुसवा काय घिऊन बसायचं? बत्ती न पेटवताच घोंगडीत घेतली, पुढल्या रस्त्यानं गेलो, आन् तुमच्या दाराआड पेटवली. हलता दिवा रेघ वढतो म्हनं.”

“मग ठेवून परत यायचं होतं. तुमचंही दार उजळलं असतं.”

“बत्ती फुरफुरत हुती. हवा उतरली आसती तर उजेड पडला आसता. म्हनून पंपाला हात लावून बसलो तिथंच, झाकन लावीपातुर.” मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, डाव्या कोपऱ्यातल्या त्या उजळ दाराकडे, आणि हळूच म्हणाले, “ह्या टायमाला मी हललो नाय, वयनी.”

तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, एवढ्या सुंदर फोटोत माणूस एकही कसा नाही? मग मी त्यांना जवळ बोलावते, खालच्या कोपऱ्यातल्या दारावर बोट ठेवते आणि सांगते, “आहेत की. हे आमचे मालोजी.”